धामणीची फळी

वखारवाला फळ्या विकतो घनफुटांवर.
मी एकेक उभी करून कडेला डोळा लावतो
तर म्हणतो, "दार करायचंय
की पोरगी बघायला आलाय?"

द्वारक्यामागची वखार, दुपारचे अडीच.
सागाच्या थप्पीखाली
मोडीत निघालेल्या बैलगाडीच्या साट्याची एक फळी,
धामणीची, पावणेसहा फूट,
टोकाशी गंजल्या खिळ्याचा काळा डाग.
रेषा मात्र सरळ. इकडे बोट ठेवलं
तर तिकडच्या टोकापर्यंत कुठे कडेबाहेर सांडत नाही.
दीडशे रुपये.
रिक्षात तिरकी घातली, अर्धी बाहेर;
सिग्नलला एका स्कूटरवालीने शिवी घातली.

रावजीमामा सुरगाण्याहून आलेला, सिव्हिलला,
मोतीबिंदूसाठी. एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
सातपूरच्या गच्चीवर टाकीला टेकून म्हणाला,
"पाठ कोणती, पोट कोणतं, ते आधी ठरव.
पाठीची रेघ तोडलीस तर मी आजच्याच एसटीनं चाललो."

मी कंपनीत शाफ्ट टर्न करतो.
मिलिमीटरचा शंभरावा भाग माझ्या भाकरीचा आहे.
किकऱ्याने तासलं, मग रंधा, मग कानस,
दर चार बोटांवर पेन्सिलची खूण, व्हर्नियरचा आकडा.
मूठ पाण्याच्या पाइपाला बांधून दोरी खाली ओढली.
व्हर्नियर म्हणाला, दोन्ही हात सारखे.
मामा म्हणाला, डावा आडमुठा आहे.

त्याने उघडा डोळाही मिटला,
अंगठा पोटावरून हळू नेला,
"इथं झोपलंय."

खिडकीच्या फुटक्या काचेनं खरवडायला बसलो.
शेवयांसारखे पातळ कीस, थोडेसे उग्र,
वाऱ्यानं शेजारच्या पापडांवर गेले.
वीसदा खरवडायचं, तीसदा ओढायचं,
पुन्हा लांब उभं राहून बघायचं.
चौथ्या दिवशी डावा हात उठला,
उठला म्हणजे वाकला.

तेव्हा मामाने सांगितलं.
त्याचा बाप, माझा आजा सोमा,
जंगलातून येताना फॉरेस्टवाल्यांनी धरला.
दोरी उतरवलेली होती.
पंचनाम्यात लिहिलं : वाकडी काठी, एक, जप्त.
आजाला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवल्यावर
परत द्या म्हणाला नाही, दंडाचं बोलला नाही.
म्हणाला, साहेब, तेवढं नाव तरी नीट लिहा.
अंगठ्याला शाई लावून ठेवलेली,
तशीच वाळली.
"मग?"
"मग काय. दुसऱ्या बोटाचा घेतला."

जवसाचं तेल पाजलं, तीन उन्हं दिली.
अंबाडीचा पीळ मामाने मांडीवर वळला.
चढवल्यावर उभा राहिला, पट्टी बांधलेला म्हातारा,
कानापर्यंत ओढलं
आणि बाण नव्हता म्हणून
ओढलं तितक्याच सावकाश परत आणलं.
रिकामी सोडली तर लाकूड आपल्यालाच मारतं.

"काय मारशील यानं?"
समोर पाण्याच्या टाक्या, पांडवलेण्याचा डोंगर,
डिश अँटेनावर एक होला.
मला काही सुचलं नाही.
त्यालाही उत्तर नको होतं बहुतेक,
तो डाव्या हाताकडेच बघत होता.

ठक्कर बाजारला सुरगाण्याची गाडी लागली.
मामा दोरी उतरवून त्यावरच टेकत चढला.
कंडक्टरनं विचारलं, "बाबा, हे काय?"
एका डोळ्यानं त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"काठी," म्हणाला.

गाडी सुटली.
अंबाडीची दोरी माझ्याच खिशात राहिली.