पोच

माझं झेरॉक्सचं दुकान पायऱ्यांच्या तळाशी.
वर एकाच टेकडीवर दोन ऑफिसं.
डावीकडं वळतात ते पोर्तुगालचा पासपोर्ट मागणारे,
आजोबांचा जन्मदाखला प्लास्टिकमध्ये जपून,
एकेका अक्षराच्या सहा सहा प्रती.
उजवीकडं परदेशी नागरिकांची नोंदणी.
तिकडं गर्दी नसते. एखादा रशियन,
व्हिसा वाढवायला, चपला फटफटवत.

इदरीस उजवीकडं चारदा वळला होता.
पाचव्यांदा आधी माझ्याकडं आला,
कार्निव्हलच्या आदल्या सोमवारी,
रस्त्याकडेला बांबू रंगवत होती पोरं.
फोंड्याला औषधांचं शिकायला आलेला,
तिसऱ्या वर्षी खार्तूमचा विमानतळच बंद झाला.
व्हिसा संपला. फी संपली.
भाड्याची खोली, म्हणाला, अजून संपायची आहे.

आधी फोन केला. मीच लावला.
अकराला वाजला, वाजत राहिला.
साडेअकराला कुणीतरी उचलून खाली ठेवला.
बाराला कळलं, साहेब मीटिंगला.
एक ते तीन हुमण-भात आणि त्यावरची झोप,
त्या वेळात पणजीत देवसुद्धा फोन घेत नाहीत.

मग अर्ज.
टाइप इंग्रजीत करते, पण मनात आधी मराठीत जुळवते.
बाबांची सवय. ते पोर्तुगीज अर्ज लिहायचे,
जुळवायचे डिचोलीच्या मराठीत.
‘शरण’ लिहावं,
तर आपल्यात शरण जाणं म्हणजे हात वर करणं.
याच्या हातात फाइल होती.
‘आश्रय’ म्हटलं की
देवळामागच्या धर्मशाळेचा वास येतो.
‘आसरा’ बरा वाटला.
वळचणीला उभ्या माणसाला
कुणी नाव विचारत नाही, तसा.
इंग्रजीत त्याचं काय झालं कोण जाणे.

कायमचा पत्ता: ओमदुरमान, गल्ली, घर क्रमांक,
फिकट हिरव्या गेटसमोर.
‘गेट आता नाही,’ तो म्हणाला, ‘खोडू?’
मी म्हटलं, राहू दे. पोस्टमन बघून घेईल.
परत जाण्याची तारीख:
पेन घेतलं त्यानं, टोपण काढलं,
टोपण लावलं.

शटर अर्धं ओढून मीही वर गेले.
अशी जात नाही कधी.
गुडघा दुखतो, शिवाय गिऱ्हाईक असतं.

केंकरेबाबांनी अर्ज उलटा धरून वाचला, मग सुलटा.
‘आसऱ्याचा फॉर्म आमच्याकडं नाही.
दिल्लीला लिहा.’
दिल्लीला लिहिलंय, इदरीस म्हणाला, तीनदा.
तेवढ्यात त्यांचा मोबाइल.
पलीकडच्या रांगेतून लेक:
पप्पा, आजोबांच्या नावात एक एल का दोन?
‘दोन,’ ते म्हणाले. मग थांबून, ‘दाखल्यावर एकच असेल.
रांग सोडू नकोस.’
फोन ठेवला.
खिडकीबाहेर बघितलं. मग इदरीसकडं,
पहिल्यांदाच, कागदाकडं नाही.
मला वाटलं आता काहीतरी होईल.
झालं एवढंच की त्यांनी शिक्का शोधला,
पॅड सुकलेलं, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं,
दोनदा दाबला, दुसऱ्यांदा उमटला.
‘ठेवून घेतो. पुढचं माझ्या हातात नाही.’

उतरताना त्यानं विचारलं, या शिक्क्याला तुम्ही काय म्हणता?
पोच.
‘बोश,’ तो म्हणाला. ‘बोश.’
त्याच्या भाषेत प नाही म्हणे, च पण नाही.
कागद पोचला असा अर्थ, मी सांगितलं.
‘आणि माणूस?’
माणसालाही तेच क्रियापद लागतं,
पण ते मी सांगितलं नाही.
खालून पोदेराचा भोंपू वाजत गेला.

सात पानं, चौदा रुपये.
त्यानं वीसची नोट दिली. सुटे नव्हते.
सहा रुपये डब्यात वेगळे ठेवलेत,
वर चिठ्ठी: इदरीस.
तेवढ्यासाठी तरी
यायला हवं त्याला परत.