एक टकटक म्हणजे हो

उणे सव्वीस. मागच्या अंगणातल्या गरम टबाचा ब्रेकर
सकाळपासून तिसऱ्यांदा पडला.
पाणी अजून कोमट आहे, म्हणजे उद्यापर्यंतची मुदत.
मग पाइपांत बर्फ,
आणि बर्फ झाल्यावर हिशेब करण्यात अर्थ नाही.

दुरुस्तीवाला म्हणाला, गुरुवारी येतो.
आज सोमवार.
नवा हीटर तेवढा दुकानात होता, बुटांच्या खोक्याएवढा.
बाजूच्या सीटवर ठेवून, पट्टा लावून
थंडर बेच्या निसरड्या रस्त्यांवरून मी तो घरी आणला.

रेइनो स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलाय.
कागद कारखान्यातल्या मोटारी जोडण्यात त्याची चौतीस वर्षं गेली.
ऑक्टोबरात डोक्यात एक शीर फुटली,
उजवा हात गेला, शब्द गेले.
गेले म्हणजे, जागा बदलून बसले.
चमच्याला तो शनिवार म्हणतो,
मला कधी आउने, कधी शिडी.
उरलेल्या बहुतेक सगळ्याला बटाटा.

म्हणून आमचं ठरलंय: काचेवर डाव्या बोटाने
एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

मेन स्विच बंद. टकटक.
पॅनेलचे सहा स्क्रू. पाचवा झिजलेला,
त्याला आजीची एक फिनिश शिवी घातली, तेव्हा सुटला.
आत फोम, उंदराचं जुनं घरटं,
आणि आडवी पडलेली स्टीलची नळी.
मीटरची एक तार हीटरच्या टोकाला, दुसरी नळीला.
तिथे काही दिसायला नको होतं. आकडा दिसला.
वीज पाण्यात झिरपत होती,
किती दिवस, कोण जाणे.
मीटर काचेशी धरला. त्याने वाचला. टकटक.

पाना नटाला लावला.
टकटक, टकटक.
काय नाही?
टकटक, टकटक.
बोटं बधिर, नाक गळतंय, आणि मी ओरडले:
काय नाही ते नीट सांग ना!
ऑक्टोबरापासून दाताखाली धरलेलं वाक्य
सुटलं ते सुटलंच.

तो रागावला नाही.
तळहात काचेवर ठेवून सावकाश खाली ओढला,
दुकानाचं शटर ओढावं तसा.
व्हॉल्व्ह.
नळीच्या दोन्ही बाजूंना, दांड्या वर, सताड उघडे.
नट फिरवला असता तर बाराशे लिटर पाणी
माझ्या मांडीवर आलं असतं आणि तिथेच गोठलं असतं.
दांड्या खाली दाबल्या.
टकटक.

जुना हीटर बाहेर आला, चुन्याने पांढरा,
बोटभर लांबीची बारीक चीर पडलेला.
रेइनोला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.
काय वाटतंय, ते मी विचारलं नाही.

नव्या रबरी कड्या, नट हातानेच आवळायचे
(पाना उचलला, तर दोन टकटक).
व्हॉल्व्ह वर. स्विच चालू.
एकवीस.
एकवीस.
मी पाय आपटत उभी. एकवीस.
बावीस.

रात्री अडतीसला पोचलं.
आधी त्याचा उजवा पाय, मग बाकीचा रेइनो,
काखेत माझा खांदा.
वाफ भुवयांवर गोठत होती.
कठड्यावर जुना हीटर, त्यावर भुरभुर बर्फ.
त्याने हनुवटीने तिकडे दाखवलं. बटाटा, म्हणाला.
हो, मी म्हटलं, हीटर.

पाण्याखाली माझ्या खांद्यावर त्याचं बोट:
टकटक, टकटक.
हीटर नाही?
त्याने ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

शिडी, म्हणाला.

बोल, मी म्हटलं.