सत्तावीस अंश

सातपूरला, पत्र्याच्या शेडमागची खोली.
पगारभाऊंच्या वाइंडिंग मशीनचा बोर्ड टेबलावर उघडा.
(पगार हे आडनाव. महिन्याचा तो अजून व्हायचाय.)
दोनातला एक ट्रान्झिस्टर जळाला,
जोडीदार जिवंत आहे,
पण त्याच्या पाठीवरचा नंबर
कुणीतरी पॉलिश पेपरने घासून टाकलेला.
आता त्यालाच विचारायचं, बाबा, तू कोण.

बेसला व्होल्टेज, दहा-दहा मिलिव्होल्टच्या पायरीनं.
आकडा निवला की लिहायचा.
दिवसा जमत नाही; शेजारचा प्रेस ठोका देतो
आणि नॅनोअँपचा शेवटचा अंक शहारतो.
म्हणून रात्री, दुसरी पाळी सुटल्यावर.

साध्या कागदावर तो बराच वेळ मुका,
मग एकदम भिंत चढतो.
लॉगच्या कागदावर कळतं
की पहिल्यापासून बोलतच होता,
पाच दशकं, एका सरळ रेघेत.
खैरनार सर म्हणायचे, टोकं सोडून दे,
खाली गळती असते, वर तारेचा रोध,
पट्टी मधल्यांवर ठेव.

ठेवली.
दर दहापटीला छप्पन्न मिलिव्होल्ट.
साठाच्या जवळ हवे होते.
प्रोग्रॅम म्हणाला, आदर्शांक शून्य पॉइंट नऊ पाच.
एकाच्या खाली कुणी जात नाही, सर असते तर हसले असते.
क्लिपा घासल्या. मीटर बदलला.
स्वतःच्याच अक्षरावर संशय घेऊन सगळे आकडे पुन्हा भरले.
नऊ पाच.

पावणेतीनला चहा ओतला
आणि कप तोंडाशी नेईतो गार.
तेव्हा दिसली खिडकी:
सोल्डरचा धूर जावा म्हणून संध्याकाळी उघडलेली, तशीच.
गिरणारेकडच्या बागांत द्राक्षांसाठी शेकोट्या पेटल्या असणार,
वास आत येत होता, मला कळला नव्हता.
भिंतीवरचा पारा अकरा.
प्रोग्रॅममध्ये, कुणी हात लावत नाही अशा एका ओळीत,
सत्तावीस.
कुणाची तरी, कुठली तरी, उबदार खोली.

खोडलं. अकरा लिहिलं.
एक.
तो मघापासून थंडीच सांगत होता.

खिडकी लावली नाही, स्वेटर घातला.
दुसरा आलेख: कलेक्टरच्या पाच रेघा,
जवळजवळ आडव्या, नावापुरता चढ.
त्या मागे ओढत नेल्या, शून्याच्या डावीकडे,
जिथं मी काही मोजलेलं नाही
आणि मोजणारही नाही.
कागद संपला, खाली जुनं वर्तमानपत्र जोडलं.
उणे चौऱ्याहत्तर व्होल्टला, एका मृत्युवार्तेवर,
चार रेघा एका ठिपक्यात आल्या.
पाचवी अर्ध्या बोटानं चुकली. ती माझी पेन्सिल.

सकाळी पगारभाऊ आले, मफलर कानाभोवती.
"सापडला?"
"याच्या जोडीला लागेल असा मिळेल," मी म्हटलं,
आणि वहीतलं पान फाडून दिलं.
लाभ, गळती, उणे चौऱ्याहत्तर, एक;
वर कोपऱ्यात, रकान्याबाहेर, अकरा.

त्यांचं बोट एकेका आकड्यावरून सरकत
कोपऱ्यात थांबलं.
"हे काय, मजुरी?"