परिचय, शंभर शब्दांत

वेंगुर्ल्याहून वाचनालयाचं पोस्टकार्ड आलंय:
सत्कार आहे, शाल आहे, श्रीफळ आहे,
परिचय पाठवा, शंभर शब्दांत.

ओळीला पाच पैसे मिळायचे तेव्हा
मी एका ओळीच्या दोन करायचो.
तिथूनच सुरुवात करू?

बातम्या जायच्या सव्वासहाच्या सावंतवाडी गाडीनं,
कंडक्टर बाबल मेस्त्रीच्या पेटीत, तिकिटांच्या खाली,
कधी त्याच्या घरच्या बांगड्यांच्या पुडक्याखाली.
संपादक पाकीट न फोडताच म्हणायचे,
वेंगुर्ला.

बंदरावरचा लिलाव, मोहोरावरचा तुडतुडा,
उद्घाटनानंतर आटलेली सरकारी विहीर,
आणि नारळी पुनवेनंतर चौथ्या दिवशी
उलटलेली होडी:
सहा बुडाले.
पाच नावं मिळाली होती. गाडी सुटायला आली होती.
सहावं मी लिहिलं, हरचंद्र कोचरेकर,
कारण तो नेहमी त्याच होडीवर असायचा.

होता. पण तिसऱ्या दिवशी
रेडीच्या वाळूवरून चालत चालत
तो घरी आला.
दारात माणसं, आत फुटलेल्या बांगड्या,
देवाच्या तसबिरीमागे माझी बातमी,
कात्रीनं नीट कापून ठेवलेली.

शुद्धिपत्र शनिवारी आलं. पान चार,
खताच्या जाहिरातीखाली, दोन ओळी.
दहा पैसे.

मग सदर. दर गुरुवारी 'खारवणी',
एकोणीस वर्षं.
मत नसेल त्या आठवड्यात एखादी म्हण घालायचो,
आजी नसलेल्या माणसाला आजीची म्हण शोभून दिसते.
वाचक लिहायचे, तुमच्या लेखाला समुद्राचा वास येतो.
मी पुण्यात राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर.
एका गुरुवारी त्या जागेत टाइल्सची जाहिरात आली.
टाइल्स चांगल्या होत्या.
पुढे आम्ही त्याच बसवल्या.

मग मालिका. सहाशे बारा भाग.
गोरेगावात उभं केलेलं कोकण,
झावळ्या प्लास्टिकच्या,
समुद्र शेजारच्या खोलीत, एका मुलाच्या संगणकात.
दोनशे चाळिसाव्या भागात नायकाला बुडवला.
आकडे पडले. चॅनेल म्हणालं, परत आणा.
कसा आणू?
तुम्ही तिकडचे ना, सुचेल काहीतरी.

सुचलं.
वाळूवरून चालत आणला.
दारात माणसं ठेवली. बांगड्यासुद्धा.

त्या गणपतीत हरचंद्र बंदरावर भेटला, जाळं सांधत होता.
मान वर न करता म्हणाला,
"माका मारलंस तेचे धा पैशे घेतलंस.
आता जितो केलंस, तेचे किती?"
मी आकडा सांगितला.
हातातली गाठ तशीच राहिली थोडा वेळ.
मग म्हणाला, "बायलेक आवाडता तुझी शिरेल.
पण म्हणता, ह्या मात्र खोटां.
बुडालेलो माणूस असो खंय परत येता?"
आणि हसला, इतका की सुई पाण्यात पडली.
नवीन सुई मी आणून दिली.
एवढंच देणं मी त्याला कधी दिलं.

या पौषात हरचंद्र गेला. घरीच, खाटेवर.
मुलगा म्हणाला, पेपरात दोन ओळी द्या, तुम्हालाच जमतं.
मी आत गेलो, पायाला हात लावला,
बराच वेळ लावून ठेवला.
मग लिहिल्या.
निधनवार्तेचे पैसे आता आपणच भरायचे असतात.
भरले.

तर, ग्रंथपाल महाशय,
शब्द शंभराच्या फार पुढे गेले.
जुनी सवय, ओळीच्या दोन करण्याची.
यातले कुठलेही शंभर ठेवा,
विहीर ठेवा, टाइल्स ठेवा.
नावं मात्र छापण्याआधी
कुणाला तरी एकदा विचारून घ्या.