फुगलेला माल

हेनामच्या कोबीला कडाक्याच्या थंडीत गोडी चढते,
हे इन्व्हॉइसवर लिहिता येत नाही.
तिथे लिहायचं : किमची. नग चार हजार आठशे.
निव्वळ वजन, ढोबळ वजन, कंटेनरचं तापमान.
ग्वांगयांग ते रॉटरडॅम, बेचाळीस दिवस.

मा ओक-बुन बाई मीठ लावतात.
पान न् पान उचलून, देठाकडे जास्त, शेंड्याकडे नावापुरतं,
झोपलेल्या लेकराचा सदरा बदलावा तसं, न उठवता.
रात्रभर कोबी पाणी सोडतो.
सकाळी त्या एक पान वाकवून बघतात.
मोडलं तर कच्चं. लवलं तर झालं.
हे त्यांचं प्रमाणपत्र.
माझं सात पानी असतं,
त्यावर तीन शिक्के.

जहाज लांबून वळसा घालून गेलं.
अठ्ठावन्नाव्या दिवशी फोटो आला :
पाकिटं फुगलेली,
टम्म,
सणाला माहेरी न धाडलेल्या सुनांसारखी
ओळीने बसलेली, एकमेकींकडेही न बघता.
खाली एकच ओळ.
माल खराब, स्वीकारता येत नाही.

मी उत्तर लिहिलं : खराब नाही, मुरतंय.
खोडलं.
मुरण्याला त्यांच्या फॉर्मात रकाना नाही.
मग लिहिलं : आंबण्याची नैसर्गिक प्रक्रिया,
वायू साठल्याने आकारमानात वाढ, अपाय नाही.
वाचून माझ्याच पोटात गोळा आला.

ओक-बुन बाईंना फोटो दाखवला.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो दूर धरला, जवळ धरला.
"दोन महिने अंधारात कोंडलं," म्हणाल्या,
"तू फुगली नसतीस?"

प्यॉन साहेबांनी दुपारभर कॅल्क्युलेटर बडवला.
परत आणायचं भाडं मालाच्या किमतीहून जास्त.
जाळायचंही भाडं असतं,
हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग ग्वांगजूहून एक तरुण आला, पांढऱ्या डब्यातून नमुना घेऊन.
गरम पाण्यातून काढलं की आतलं सगळं निजतं, म्हणाला,
मग वर्षभर पाकीट हूं की चूं करणार नाही.
दिसायला तसंच होतं. लाल. चकचकीत.
ओक-बुन बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला,
खूप वेळ चघळला.
आम्ही तिघं त्यांच्या जबड्याकडे बघत राहिलो.
"शहाणं झालंय," म्हणाल्या
आणि हात धुवायला गेल्या.

त्याला वाटलं, पसंत पडलं.

प्यॉन साहेबांना कळलं. ते त्यांचेच हाताखालचे,
आठव्या वर्षापासून.
त्यांनी नवीन पाकिटं मागवली, महागातली,
कोपऱ्यात मसुराएवढी झडप :
आतला श्वास बाहेर जातो,
बाहेरचा आत येत नाही.
कर्ज किती काढलं ते मला विचारू नका,
हिशेब माझ्याकडेच असतो.

मार्चमध्ये रॉटरडॅमहून दाखला आला.
चार हजार आठशे नग, नष्ट. तारीख, वेळ, भट्टीचा क्रमांक.
वाचून दाखवला, बाई टोपल्या धूत होत्या.
हात थांबले नाहीत त्यांचे.
थोड्या वेळाने विचारलं,
"ती भट्टी गावाजवळ आहे का गं?"
माहीत नाही, म्हटलं. का?
"लसूण होता. आलं होतं. कोळंबीचं खारं होतं.
कुणी ना कुणी खिडकी उघडली असेल."

लावायची की उघडायची,
ते त्या बोलल्या नाहीत.

आज ग्दान्स्कच्या एका दुकानाची मागणी आहे, दोनशे नग फक्त.
फॉर्म नवा, रकाने नवे.
रंग : लाल.
स्थिती : सजीव, हे मी लिहून टाकलं, बघू काय म्हणतात.
वास :
इथे पेन जरा अडलं.
बाहेर कोबी रात्रीचं पाणी सोडत होता,
थेंब थेंब, जाळीतून, सिमेंटवर.
लिहिलं :
आहे.