सात बोटांचा हातमोजा

माप मीच घेतलं होतं.
खांदा चौदा, बाही एकवीस, बोटं सात.
दिग्दर्शक म्हणाला, त्या ग्रहावर सातच असतात.
म्हटलं, साहेब, शिवतो, पण हाताला दोन जादा आणू कुठून?
म्हणाला, कापूस भरा.

झैबुन्निसा दळवी, मूळची दाभोळची,
कुवेतमध्ये सालमियाला जहाज कंपनीत टायपिस्ट.
टीव्ही केंद्रावर बिल पोचवायला गेली,
खिडकीशी दोन वाक्यं बोलली अरबीत,
मोडकी, आपल्या खाडीच्या चालीवर,
ऐन गिळलेला, हे हवेत सोडलेला.
मागून कुणी ओरडलं, हीच!
हिची बोली कुठलीच वाटत नाही.

झालं. त्या रमजानात, इफ्तारनंतर,
ती घराघरात आकाशातून उतरली.

कापड म्हणाल तर गाडी झाकायचं, चंदेरी,
वारावर मिळालं स्वस्तात.
ऑगस्टात आत माणूस शिजतो त्याच्या.
आवाज येतो म्हणून एसी बंद.
दर शॉटनंतर माझी कुल्सुम धावायची चेन उघडायला,
पाठभर घामोळं, त्यावर मुलतानी माती,
की पुन्हा चेन, पुन्हा दुसरा ग्रह.
सकाळी आठला टायपिंग.
पैशातून दाभोळला भावाच्या होडीला इंजिन बसलं.
आई पत्रातून विचारायची, एवढं काम कसलं गं?
ही लिहायची: ओव्हरटाइम.

दर भागात दार उघडायच्या आधी
तिचं एक वाक्य असायचं:
आम्ही लांबून आलो. काही नेणार नाही.
गल्लीतली पोरं बोटं फाकवून तेच म्हणत पळायची.
आम्ही दुकानात हसायचो.
त्याच महिन्यात मी गावी फ्रिज पाठवला.

दुसऱ्या वर्षी घोळ झाला.
शेजारच्या उम्म फहदकडून ती शिकली होती
ऐन घशातून कसा काढायचा, हे कुठं दाबायचा,
क्रियापदं, आदर, सगळं.
पहिल्याच शॉटला दिग्दर्शकानं हात वर केला.
बाई, तुम्ही तर माणसात आलात!
मला ती नको, मागची आणा.

मग आरशापुढे, माझ्या ट्रायलच्या पडद्याआड,
ती मागची परत आणायला बसायची.
चुकायची, थांबायची, पुन्हा नीट चुकायची.
स्वतःची चूक पाठ करणारं माणूस
मी दुसरं पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी मालिका नाही.
टेपा महाग, म्हणून त्यांच्यावरच फुटबॉल भरला म्हणे.
आज दाखवायला एक सेकंदसुद्धा नाही कुठं.
ती टायपिंगला गेली, मग कॉम्प्युटरला,
लग्न नाही केलं, का ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात इकामाच्या खिडकीशी मी तिच्यासोबत होतो.
वय अडुसष्ट, कफील वारलेला, कागद अडलेला.
ती स्वच्छ बोलली, ऐन जागच्या जागी.
दाढी पिकलेला अधिकारी, मान वर नाही.
मुदत संपली, खाला.
तेव्हा काय वाटलं तिला कुणास ठाऊक,
चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या मोडक्या जिभेनं म्हणाली,
आम्ही लांबून आलो. काही नेणार नाही.

पेन थांबलं.
त्यानं पंजा उचलला, बोटं फाकवली,
पाचच होती, तरी सात करू बघत होता.
खुर्ची मागवली. चहा, वेलचीचा.
आईला फोन लावून सांगितलं, कोण आलंय ओळख.
मग शिक्का मारला.
परत जाण्याचाच. नियम तो नियम.

विमानाच्या आदल्या रात्री दुकानात आली.
एक हातमोजा, डावा. उजवा कधीच हरवला.
मास्तर, बॅगेत मावेना.
मी म्हटलं, दोन बोटं उसवून देतो.
नको, म्हणाली. राहू दे तुमच्याकडे.

गल्ल्याशेजारी खिळ्याला आहे तो.
कापूस पिवळा पडला, टाके शाबूत.
गणवेशाचं माप द्यायला आलेली पोरं
हात घालून बघतात, मोजतात, पुन्हा मोजतात.
अंकल, हे चुकलंय.
मी टेप गळ्यात अडकवतो.
नाही रे, माप बरोबर आहे.