उलटी आवक

शौकत धनसेने आणलेली पहिली कॅसेट
त्यांची शेवटची होती,
हे आम्हाला कळायला पाच वर्षं गेली.

ह्यूस्टनच्या धक्क्याजवळ, म्हणे, एका खोक्यात
कमरेचे पट्टे, विझलेले लायटर, आणि ही. एक डॉलर.
बँडचं नाव पाण्याने गेलेलं.
मागच्या फोटोत चार माणसं चार दिशांना बघतायत,
हर्णैच्या लिलावात बोली फसल्यावर
भागीदार बघतात तशी.
आम्ही त्यांना नुसतं 'चौघे' म्हणू लागलो.

बर्फाच्या कारखान्यात माझी रात्रपाळी.
कॉम्प्रेसर धडधडत असायचा, अमोनियाचा वास,
आणि त्या सगळ्यावर तो माणूस इतका दमून गायचा
की मला वाटलं, अमेरिकेत गाणं असंच असतं,
डोक्यावरची शेवटची पाटी उतरवताना
सुटणाऱ्या श्वासासारखं.
माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं.
'होम' कळलं. 'नो' कळलं.
दोन्ही एकाच ओळीत होते.

पुढच्या सुट्टीत सीडी.
हिच्यात ढोलवाला वेगळा.
नवा घेतला वाटतं, मी म्हटलं.
तो जुना होता. अजून गेला नव्हता.

बर्फाच्या वहीच्या मागच्या पानांवर
मी आवक लिहून ठेवायचो: तारीख, बंदर, नग एक.
रॉटरडॅम. सँटोस. पुन्हा ह्यूस्टन.
एकदा मध्येच चार गाण्यांची एक चिमुकली,
वाट्याच्या वर टाकलेल्या कोलंबीसारखी.
आणि एकदा ती चंदेरी वेष्टनाची,
जिच्यावर म्हणे त्यांनी चौघांनी चार घरं बांधली.
मला नाही आवडली. फार धुतलेली.
बोंबील एवढा धुतला तर हाताला काय लागणार?
शौकत दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

वायपरचा तो ऑइलर झाला, ऑइलरचा फिटर.
पाजपंढरीच्या वळणावर त्याने चिऱ्याचं घर घातलं,
नाझनीनचं लग्न लावलं, दाढी मेंदीने रंगवली.
आणि दर खेपेला ते चौघे
थोडे अधिक तरुण होऊन उतरायचे त्याच्या बॅगेतून.
भांडणं मिटत गेली.
गाण्यांची लांबी कमी होत गेली.
सोडून गेलेली एक बाई, जी चौथ्या नगात दार आपटायची,
तिसऱ्यात परत आली,
दुसऱ्यात तिचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

अकरा साली तो कायमचा आला.
बॅगेत डॉक्टरचं पत्र. इंजिनरूमने दोन्ही कान नेले होते,
उजवा पुरा, डावा बाराआणे.
आणि रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट,
हाताने लिहिलेली, बुरशी धरलेली.
बाल्टिमोरच्या एका दुकानदाराने मरायच्या आधी दिली, म्हणाला.
ही पयली. हिच्या आधी कायच नाय.

मी स्पिरिटने पट्टी पुसली, इंच इंच.
मग लावली.

कुणाच्या तरी गॅरेजात भरलेली.
आवाजाला मिसरूड फुटायचं होतं.
चौघे एकदम सुरू होतात, एकदम थांबत नाहीत.
कोणीतरी हसतं.
एक कुत्रा भुंकतो, अगदी तालात.
मग दार करकरतं, आणि कुणाचीतरी आई
काहीतरी विचारते, ते मात्र मला
शब्दन् शब्द कळलं:
जेवायला येताय की नाही.

शौकत खोक्यावर तळवा ठेवून बसला होता,
डोळे मिटून, जसा जहाजावर
बेअरिंग तापलंय का बघायचा.
'कुत्रा आला की सांग,' तो ओरडला,
ऐकू न येणारी माणसं ओरडतात तसा.

कुत्रा येऊन गेला होता.
मी मान हलवली, अजून नाही,
आणि पट्टी मागे घेतली.